तीन थर्मामीटर, तीन वेगळे आकडे – फिशटँकचं खरं तापमान कसं काढायचं?

टाकीवाला_इंदूर

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, लोकमान्य नगर. घरी तीन फुटी टँक आहे, साधारण शंभर लिटर पाणी, त्यात एंजल, थोडे निऑन टेट्रा आणि तळाशी कोरी. सध्या इथे थंडी चांगलीच पडलीय, पहाटे खोलीतच १५-१६ असतं त्यामुळे हीटर जवळजवळ रात्रभर चालू. आता झालंय असं की एंजलच्या पंखांवर पांढरे ठिपके दिसायला लागलेत, मिठाचे कण चिकटल्यासारखे, म्हणजे व्हाइट स्पॉटच असणार. दुकानदार म्हणाला पाणी हळूहळू ३० पर्यंत न्या आणि काही दिवस तिथेच ठेवा. ठीक आहे, नेतो, पण आत्ता किती आहे हेच कळत नाहीये ना!

काचेचा तरंगता थर्मामीटर आहे तो २७.५ दाखवतो. वायरवाला डिजिटल आहे, तो २६.६. आणि काचेला बाहेरून चिकटवायची पट्टी आहे ती सकाळी २४ आणि २५ च्या मधे कुठेतरी हिरवी होते. हीटरची चकती २८ वर आहे, तो चौथा आकडा. म्हणजे काचेवाला खरा असेल तर मला अडीच डिग्री चढायचंय आणि पट्टी खरी असेल तर पाच. पट्टीवर विश्वास ठेवून चढवत गेलो आणि खरा काचेवाला निघाला तर पाणी ३२ च्या वर जाईल आणि निऑनचं काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यांची सरासरी धरून चालू का? की नवीन जरा महागातला घेऊ? घ्यायला तयार आहे पण मग तो तरी बरोबर कशावरून, हा प्रश्न राहतोच. घरच्या घरी तपासायची काही पद्धत आहे का?

मल्हारगंज_भिया

भिया सोपं आहे, पातेल्यात पाणी उकळव आणि थर्मामीटर घाल त्यात. १०० दाखवला तर बरोबर, नाही तर फेकून दे. शाळेत हेच शिकवलंय आपल्याला.

रेणू_फिजिक्स

टाकीवाला दादा, कृपा करून उकळत्या पाण्यात घालू नका. टँकच्या काचेच्या थर्मामीटरचं स्केल ४० किंवा ५० पर्यंतच असतं, आतलं लाल-निळं द्रव त्याच्या वर चढायला लागलं की नळीत जागाच उरत नाही आणि काच फुटते. गरम पाणी, काच, सगळं अंगावर. भिया, तुमचा मुद्दा लॅबच्या ११० पर्यंतच्या थर्मामीटरला चालेल पण तिथेही इंदूरमध्ये १०० यायला नको, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, हवेचा दाब कमी, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. इथे १०० दाखवणारा थर्मामीटर खरं तर जास्त दाखवतोय. बर्फाला ही भानगड नाही. इंदूर असो की बडोदा, बर्फ वितळतो तो शून्यालाच, उंचीमुळे पडणारा फरक आपल्या कामासाठी नाहीच समजा. म्हणून घरात सगळ्यात भरवशाचा आकडा म्हणजे शून्य.

पण बर्फाचं पाणी नीट बनवायला लागतं, इथेच बहुतेक लोक गडबडतात. ग्लासभर पाण्यात बर्फाचे चार खडे टाकले आणि थर्मामीटर बुडवला की तो ३-४ दाखवतो आणि आपण म्हणतो थर्मामीटर बिघडलाय. बिघडलेला नसतो. बर्फ वर तरंगतो आणि पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्यामुळे ४ च्या आसपासचं पाणी तळाला जाऊन बसतं आणि आपला बल्ब नेमका तिथे. तर बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्यानं बारीक कुटायचा किंवा मिक्सरमधून काढायचा, थर्मास असेल तर थर्मासमध्ये नाहीतर जाड स्टीलच्या ग्लासात काठोकाठ भरायचा, दाबून, आणि मग गार पाणी फक्त एवढंच ओतायचं की चुऱ्यातल्या फटी भरतील. ग्लासात तळापर्यंत बर्फ दिसला पाहिजे, तळाला नुसतं पाणी साचलं तर ते काढून अजून चुरा घालायचा. पाणी अजिबात न घालणं पण चूक आहे बरं का, फ्रीझरमधून काढलेला कोरडा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, तो पाण्यात भिजून वितळायला लागला की मगच शून्यावर येतो. आणि मीठ नको! पॉटच्या आइस्क्रीममध्ये मीठ घालतो ते तापमान शून्याखाली जावं म्हणूनच. ग्लास धुतलेला घ्या, नळाच्या पाण्याचा बर्फ चालेल.

थर्मामीटरचा बल्ब चुऱ्याच्या मधोमध, ग्लासाच्या भिंतीला किंवा तळाला टेकवायचा नाही, अधूनमधून हलवायचं आणि निदान पाच मिनिटं थांबायचं. काचेचा जाड असतो, तो सावकाश उतरतो. वाचताना डोळा द्रवाच्या पातळीत आणा, वरून वाकून बघितलं तर अर्धी डिग्री सहज इकडेतिकडे होते. जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा, ती झाली शून्यावरची चूक. काही थर्मामीटरचं स्केल १० पासूनच सुरू होतं, त्यांना बर्फ उपयोगाचा नाही.

आता महत्त्वाचं. शून्यावर बरोबर म्हणजे २६ वर बरोबर असं नाही. तुम्ही टँक शून्यावर चालवत नाही! म्हणून दुसरा बिंदू हवा, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात औषधांच्या डब्यात असतो, डिजिटल तापाचा थर्मामीटर. दहा सेकंदात अंदाज बांधून आकडा देणारा फास्ट प्रकार नको, साधा मिनिटभर घेणारा हवा. या साध्यांवर बहुतेक ±०.१ लिहिलेलं असतं आणि टँकचं कुठलंही यंत्र इतकं नेमकं नसतं. अडचण एवढीच की तो ३२ च्या खाली काही सांगत नाही, नुसतं 'लो' दाखवतो. म्हणून बादलीभर पाणी घ्या, गीझरचं आणि नळाचं मिसळून ३७ च्या जवळपास आणा. बादलीच घ्या, वाटी नको, जास्त पाणी सावकाश निवतं. चांगलं ढवळा. टँकचे दोन्ही थर्मामीटर आधी पाच मिनिटं त्यात ठेवा, मग तापाच्या थर्मामीटरचं फक्त धातूचं टोक त्यांच्या बल्बला लागून बुडवा आणि हात हलवत राहा. बीप वाजला की त्याच क्षणी तिन्ही आकडे वाचायचे. नंतर नाही, कारण तापाचा थर्मामीटर सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो, पाणी निवलं तरी तो खाली येत नाही.

दोन टोकांची चूक कळली की मधली काढता येते. समजा शून्यावर १ जास्त आणि ३७ वर पण १ च जास्त, तर सगळीकडे १ जास्त. टँकच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये हे फार दिसतं कारण आत जी आकड्यांची कागदी पट्टी असते ती सरकते, गोंद सुटतो किंवा मुळात चिकटवलीच वाकडी. आतली नळी, द्रव सगळं ठीक, फक्त आकडे खाली-वर. दोन टोकांना वेगळी चूक आली तर नळीचं भोक सारखं नाही किंवा आकडे दुसऱ्याच मापाच्या नळीसाठी छापलेत. तेव्हा टँकच्या तापमानाला किती चूक धरायची ते दोन्हीच्या मधलं, ३७ च्या बाजूला झुकलेलं.

सरासरी मात्र काढू नका. एक यंत्र दीड डिग्री चुकत असेल तर सरासरीत ती चूक चांगल्या यंत्रांच्या आकड्यात मिसळते, जात नाही कुठे.

लष्कर_ग्वाल्हेर

रेणूताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पट्टीबद्दल आणि डिजिटलबद्दल लिहितो.

पट्टी बिघडलेली नाहीये दादा. ती पाण्याचं तापमान दाखवतच नाही, काचेच्या बाहेरच्या बाजूचं दाखवते. आत २६ चं पाणी, बाहेर १५ ची हवा, मग काचेची बाहेरची बाजू या दोन्हींच्या मधेच राहणार, पाण्याच्या जवळ पण थोडी खालीच. म्हणून सकाळी ती कमी दाखवते आणि दुपारी खोली तापली की आपोआप 'सुधारते'. आमच्याकडे ग्वाल्हेरला हिवाळ्यात इंदूरपेक्षा जास्त गारठा असतो, तिथे हा फरक दोन डिग्रीच्या वर जातो आणि उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या हवेत तीच पट्टी उलट जास्त दाखवायला लागते. हीटर बंद पडला की चालू आहे हे येता-जाता बघायला पट्टी छान आहे, उपचारासाठी नाही. लेझरवाली बंदूक आणायचा कोणी सल्ला देईल, तिचंही तेच, ती काचेच्या आरपार बघत नाही, काचेचंच तापमान सांगते. वरून पाण्यावर धरली तर पृष्ठभागाचं सांगते आणि बाष्पीभवनामुळे तो किंचित गार असतो.

डिजिटलचा जो काळा सेन्सर पाण्यात असतो त्यात थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावरून यंत्र आकडा काढतं. आता वर्षं-दोन वर्षं पाण्यात राहून जोडाच्या जागी ओल शिरली की रेझिस्टन्स तसाही घटतो आणि यंत्राला वाटतं पाणी गरम झालं. म्हणजे जुना झालेला सेन्सर हळूहळू जास्त दाखवायला लागतो आणि आपण हीटर कमी करत जातो, मासे गारठतात. हे फार वाईट कारण रोज थोडं थोडं होतं, लक्षात येत नाही. तेव्हा आज बरोबर निघाला म्हणून कायमचा बरोबर नाही, थंडी सुरू होताना आणि उन्हाळा सुरू होताना एकदा बर्फात घालून बघायचाच. स्क्रीन फिकट दिसायला लागली तर आधी बटणसेल बदला, मग तपासा.

अजून एक, उन्हाळ्यात आमच्या टँकचं पाणीच ३२-३३ ला जातं. त्या दिवसांत बादलीची पण गरज नाही, साधा तापाचा थर्मामीटर सरळ टँकमध्ये टोक बुडवून लावा, समोरासमोर तुलना होते.

मांडवी_बडोदा

आमच्याकडे जुना पाऱ्याचा तापाचा थर्मामीटर आहे, डॉक्टर होते सासरे त्यांचा. तो डिजिटलपेक्षा जास्त खरा असं ऐकलंय. तो चालेल का याच्यासाठी?

रेणू_फिजिक्स

ताई, आकडा चांगलाच देईल, पण फक्त बादलीत, आणि त्या बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. टँकमध्ये तो कधीच नको. निसटून दगडावर आपटला तर पारा वाळूत शिरतो आणि मग वाळू, फिल्टर, झाडं, सगळं गेलं, माशांना आणि घरातल्यांनाही विषारी. वापरण्याआधी झटकून ३५ च्या खाली उतरवायचा, तोही वरचा आकडा धरून ठेवतो. आणि पाणी ४२ च्या वर असता कामा नये, त्याच्या पुढे त्यात पाऱ्याला जागा नसते. खरं सांगू का, साध्या डिजिटलनी काम होत असताना हा धोका घेऊ नये असं माझं मत आहे.

टाकीवाला_इंदूर

रेणूताई, लष्करभाऊ, खूप खूप आभार. काल रात्री दोन्ही केलं. बर्फाच्या चुऱ्यात काचेवाला बरोबर १ वर थांबला, डिजिटल ०.४ वर. बादलीत तापाचा थर्मामीटर ३७.२ म्हणाला तेव्हा काचेवाला ३८.५ च्या रेषेवर आणि डिजिटल ३७.६. पट्टीला या परीक्षेत घेतलं नाही, पण आज दुपारी ऊन खोलीत आल्यावर ती २६ च्या अगदी जवळ गेली, म्हणजे लष्करभाऊ म्हणाले तसंच.

आता हिशोब बरोबर करतोय का बघा. डिजिटल दोन्हीकडे ०.४ जास्त, म्हणजे टँकचे २६.६ वजा ०.४ = २६.२. काचेवाला शून्यावर १ जास्त, ३७ वर १.३ जास्त, मग २६-२७ ला धरू १.२, म्हणजे २७.५ वजा १.२ = २६.३. दोन्ही जुळतायत! मग हीटरची चकती २८ ला असताना पाणी २६, तिचं काय समजायचं?

आणि एक विचारू का, ३० ला थेट तपासता येईल असं काही नाहीये का, शून्य आणि ३७ च्या मधलं?

रेणू_फिजिक्स

हिशोब अगदी बरोबर. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रं, एक द्रवाच्या प्रसरणावर आणि एक रेझिस्टन्सवर, दुरुस्तीनंतर ०.१ च्या फरकात आली, याच्यापेक्षा जास्त खात्री घरी मिळत नाही. एकाच डब्यातले दोन सारखे थर्मामीटर जुळले असते तर मी एवढं म्हटलं नसतं, एका लॉटमध्ये चूक पण सारखीच असू शकते. दोन्हीवर परमनंट मार्करनी लिहून टाका, काचेवाल्यावर '-१.२' आणि डिजिटलवर '-०.४', म्हणजे घरातलं दुसरं कोणी बघेल तेव्हा गोंधळ नको. काचेवाल्यात मूळ चूक पट्टी सरकल्याची दिसतेय, दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच आहे. नळीवर बाहेरून, आतल्या पट्टीच्या २५ च्या रेषेसमोर एक बारीक खूण करून ठेवा, पुढे पट्टी अजून सरकली तर खूण आणि रेष जुळणार नाहीत, लगेच कळेल.

३० च्या जवळचं आहे ना! गॅलियम नावाचा धातू २९.७६ ला वितळतो आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मोजपट्टीत तो एक ठरलेला बिंदू आहे, अगदी तुमच्या ३० ला लागून. पण शुद्ध गॅलियम महाग पडतं, घरी कोणी आणत नाही. त्याच्याआधीपासून केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सोडियम सल्फेटचे पाणीदार स्फटिक वापरायचे, ते ३२.३८ ला आपलं स्फटिकातलं पाणी सोडतात आणि सगळं बदलेपर्यंत तापमान तिथेच अडून राहतं. होळकर सायन्स कॉलेजात फिजिक्स शिकताना याबद्दल वाचलं तेव्हा मला फार सुंदर वाटलं होतं, की बाजारात मिळणारं एक साधं मीठ थर्मामीटर तपासायला पुरतं. पण तुमचं काम शून्य आणि ३७ मध्ये झालंय, अजून काही नको.

हीटरच्या चकतीला तापमान समजू नका. ती हीटरच्या नळीच्या आतलं जाणते, बाहेर पाणी फिरत नसेल तर स्वतःच्याच उष्णतेनं लवकर बंद होते. 'चालू-बंद होण्याची जागा' एवढाच तिचा अर्थ धरा आणि दुरुस्त केलेल्या आकड्यावर ती हलवा.

लष्कर_ग्वाल्हेर

आता उपचाराबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच. खरे ३० हवे असतील तर डिजिटलवर ३०.४ आणि काचेवाल्यावर ३१.२ दिसलं पाहिजे. तुम्ही काचेवाल्यावर ३० दिसताच थांबला असता तर खरं पाणी २८.८ ला राहिलं असतं, आणि ते वाईट कारण २८-२९ ला व्हाइट स्पॉटचा परजीवी मरत तर नाहीच, उलट त्याचं चक्र जोरात फिरतं. ३० च्या आसपास त्याची वाढ अडते म्हणून तो आकडा धरतात, आणि म्हणूनच इथे एक-दीड डिग्री एवढी महत्त्वाची. रोजच्या साध्या दिवसांत टँक २५.५ आहे की २६.५, एंजलला काही फरक पडत नाही, स्थिर असलं की झालं.

एका दमात चढवू नका, दिवसाला एक-दीड डिग्री पुरे. एअर पंप पूर्ण वेळ चालू ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ ला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो तो ३० ला ७.६ वर येतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर चढवणं थांबवा. निऑन आणि कोरी ३० ला खूश नसतात, पण त्यांना वेगळं काढून गार टँकमध्ये ठेवलं तर परजीवी तिकडे जाईल, त्यामुळे माझ्या मते त्यांच्यासकट २९.५ ते ३० वर थांबा, वर नको, आणि दुकानदाराकडून औषध घेणार असाल तर तळाच्या माशांना चालतं ना हे विचारून घ्या. ठिपके गेले की लगेच खाली आणू नका, परजीवी अंगावरून सुटून वाळूत बसलेला असतो, अजून दहा-बारा दिवस तसंच ठेवा आणि मग तितक्याच सावकाश उतरवा.

डिजिटलचा सेन्सर हीटरपासून लांब, दुसऱ्या टोकाला आणि तळापासून थोडा वर लावा. काचेवाला तरंगत हीटरपाशी जाऊन बसत असेल तर त्याला पण सक्शननी दुसऱ्या कोपऱ्यात अडकवा.

टाकीवाला_इंदूर

सेन्सर हलवला. फिल्टरच्या धारेच्या विरुद्ध कोपऱ्यात लावलाय, हीटरपासून अडीच फूट. तिथे २६.५ दाखवतोय, म्हणजे खरे २६.१. चकती थोडीशी वर केलीय, एअर पंप चालू आहे, नर्मदेचं पाणी बदलायला भरून ठेवलंय. उद्या सकाळचा आणि रात्रीचा, दोन्ही आकडे दुरुस्त करून इथे टाकतो.

मल्हारगंज_भिया

रेणूताई, ९८ ला उकळतं हे माहीत नव्हतं, आज घरी सगळ्यांना सांगितलं. टाकीवाला, तुझ्या जवळच राहतो मी, माझ्याकडे एक्स्ट्रा एअर पंप पडून आहे, लागला तर निरोप टाक, रात्री आणून देईन.